रामनवमीच्या आदल्या दिवशीचा रोल

नाशिक, ८ फेब्रुवारी २०२६

सुवर्णा,

तू, मी आणि गोदाघाटावर टोपली मांडून बसलेल्या आपल्यासारख्या सगळ्या बायका, आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आजवर कुठल्याच व्यासपीठावरून कुणी मांडलेली नाही. मीसुद्धा नाही. इतकी वर्षं लोक येतात आणि आपले फोटो काढतात. शेवंतीच्या ढिगामागचा आपला चेहरा त्यांना आवडतो, सुरकुत्या तर फारच आवडतात. ते फोटो कॅलेंडरवर जातात, हॉटेलच्या भिंतीवर जातात, बक्षिसं मिळवतात. आणि जिचा फोटो, तिच्या घरात तिचा फोटो नसतो. आईच्या दहाव्याला मांडायला आपल्याकडे काय होतं? रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. अर्ध्या गालावर शिक्का. लोकांनी त्या शिक्क्याला हार घातला.

भाषण झालं, कळतंय मला. म्हणून तर फोन न करता पत्र लिहिते आहे. तू म्हणायचीस, ताईशी बोलायचं म्हणजे सभेला जाऊन बसायचं. कागदावर निदान तुला मध्येच उठून जाता येईल.

तर बातमी अशी की मी फोटोग्राफीचा वर्ग लावला आहे. सत्तावन्नाव्या वर्षी. हस पाहिजे तर. दर शनिवार-रविवार सकाळी, कॉलेज रोडला. शिकवणारे बुद्धभूषण सर तीस-बत्तिशीचे आहेत. आपल्या फूलवाल्या बायकांच्या संघटनेला या एप्रिलमध्ये पंचवीस वर्षं होतात, स्मरणिका काढायची म्हणून कपाट उपसलं, तर निघाले ते सगळे माझेच फोटो. माईकसमोर मी, हात वर केलेली मी, तोंड उघडलेली मी. ज्या बायकांसाठी ओरडले त्यांतली एकही स्वच्छ दिसत नाही. तेव्हा ठरवलं, कॅमेरा आपल्याच हातात हवा.

तू ज्या वर्गाला जायचीस तो आता राहिला नाही. रविवार कारंजावरचं ते दुकानही गेलं. तुझा वर्ग मध्येच सुटला, ते दिवसच तसे धामधुमीचे होते. रोलही तेव्हा खराब झाला.

आणखी एक. २६ एप्रिलला वर्धापनदिन. द्वारका चौकात मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं आहे, आणि त्यावर अर्थात तोच फोटो, आपल्या पहिल्या पोस्टरवरचा. त्याच ओळीसकट, 'ही मुलगी का रडते आहे?' तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच.

ज्योत्स्ना


नाशिक, २२ फेब्रुवारी २०२६

सुवर्णा,

उत्तराची वाट पाहिली नव्हती, म्हणजे आलं नाही याचं वाईट वाटलं नाही, असं लिहायला हरकत नाही.

मी कॅमेरा घेतला. वापरलेला आहे, पण चांगला आहे. सोबत एकच लेन्स, पन्नासची. ती झूम होत नाही. मी सरांना म्हटलं, अहो, सगळ्यांकडे लांबून ओढणाऱ्या लेन्स आहेत, मला हीच का? तर म्हणाले, "मॅडम, लांबून तुम्ही आयुष्यभर बोललात. आता जरा जवळ जायला शिका. चेहरा मोठा पाहिजे असेल तर पाय उचला." वर्गात पोरं हसली. माझ्याशी असं बोलणारा माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

दिशा म्हणून एकोणीस वर्षांची मुलगी माझ्या बाकावर बसते. तिच्याकडे उजेड परतवायची चकचकीत घडीची तबकडी आहे. माझ्याकडे नव्हती, तर मी दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण घेऊन गेले. ते गालाजवळ धरलं की सावली कशी मऊ होते, बघ कधी. सर म्हणाले, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या धंद्यात उजेड सगळ्यांना कळतो. गुलाबाखाली लाल कागद का घालतात, झेंडूवर पिवळाच बल्ब का लावतात, सावलीला हिरवं कापड बांधलं तर शेवंती मेल्यासारखी का दिसते, हे टोपलीवर बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ते म्हणाले, मग निम्मा अभ्यासक्रम झालाच तुमचा.

तेव्हा मला मखमलाबादहून येणारा टेम्पो आठवला. तू आणि मी मागे, फुलांच्या पाट्यांमध्ये, ओल्या फडक्यांवर. आई पुढे, मांडीवर मोगरा. आणि तुझ्या हातात ती लग्नपत्रिका, जिला तू मधोमध चौकोनी भोक पाडलं होतंस. तुझ्या फोटोच्या वर्गाच्या कुंदन सरांनी सांगितलं होतं, महिनाभर नुसतं चौकटीतून बघा, कॅमेरा नंतर. तू त्या भोकातून सगळं बघायचीस. पूल, म्हशी, माझा चेहरा. मी म्हणायचे, कुणाच्या लग्नात भोक पाडलंस गं? तू म्हणायचीस, "हलू नकोस ताई, आत्ता कुठे बरी दिसतीयस."

आता भांडणाकडे येते. गेल्या रविवारी सरांनी वर्ग घाटावर नेला. नियम असा की आधी विचारायचं, मग काढायचा, आणि एक छापील प्रत त्या माणसाला नेऊन द्यायची. प्रत पोचली नाही तर तो फोटो वर्गात धरायचा नाही. मला हे पटलं नाही. मी बोलले, पंधरा मिनिटं बोलले असेन. म्हटलं, अन्याय होत असताना परवानगी कुणाची मागणार? मार खाणाऱ्याला थांबवून विचारायचं का, काढू का म्हणून? सगळ्या वाचनाचा साठा बाहेर काढला. पूर्वी फोटो निघायला इतका वेळ लागायचा की माणसाचं डोकं मागून लोखंडी चिमट्यात धरत असत, तेसुद्धा सांगितलं. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "तो चिमटा गेला असं तुम्हाला वाटतं का?"

मी लेन्सला झाकण लावून निघाले. वेळ संपली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

मग लंकाबाईकडे गेले. आठवते ना, गोदेच्या अलीकडच्या काठाला बसायची, आता तिची सून बसते आणि ही नुसती हिशेब ठेवल्यासारखी सगळ्यांवर नजर ठेवते. मी कॅमेरा वर केला तर म्हणाली, "काय गं ज्योत्स्ना, तू बी फोटोवाल्यांत गेलीस व्हय?"

मी म्हटलं, "विचारून काढतेय. काढू का?"

"काढ. पण देशील का? त्या आधारवरच्या फोटोला नातवंडं भितात. आन थांब, पदर नीट घेऊ दे. नाय, तसला हसरा नको. मेल्यावर लावायचाय."

काढला. गुरुवारी प्रत नेऊन दिली. तिने पदराने पुसली, पालथी करून बघितली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाली, "लय म्हातारी झाले की मी. कुणी सांगितलं नाय." मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसली. पंचवीस वर्षं मी त्या बाईसाठी भाषणं केली, सुवर्णा. तिला इतकी खूश मी एकदाही केलेली नाही.

ज्योत्स्ना


नाशिक, १ मार्च २०२६

सुवर्णा,

वैष्णवीचा मेसेज आला. 'मावशी, आई म्हणते अक्षर मोठं काढा, चष्मा लागलाय.' एवढाच.

हे बघ, मोठं काढलं आहे.

आज जास्त लिहीत नाही. तुझी लेक कितवीला आहे हेही मला माहीत नव्हतं, तो आकडा मला तिलाच विचारावा लागला. बारावी.

ताई


नाशिक, १५ मार्च २०२६

सुवर्णा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

काल सरांनी जुना रोलचा कॅमेरा आणला. आताच्या मुलांनी रोल पाहिलेलाच नाही, त्यांना मौज म्हणून. त्यांनी सगळ्यांसमोर कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि रोल हातभर बाहेर ओढला. तपकिरी, गुळगुळीत पट्टी. दिशाच्या हातात देऊन विचारलं, "काही दिसतंय?"

ती खिडकीकडे धरून म्हणाली, "नाही सर. कोरा आहे."

"काल यावर मी आमच्या गल्लीचे वीस फोटो काढले."

"मग कुठंयत?"

"होते. आत्ता तू उजेडात धरलेस ना, गेले. अंधारात धुतल्याशिवाय ते दिसत नाहीत. पण बटण दाबलं त्या क्षणापासून असतात."

पुढचं मी ऐकलं नाही. कॅमेऱ्याची तिपाई आवरायची म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसले.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. मी बोलले, पण ते लोकांशी. तुझ्याशी कधीच नाही. म्हणून आता तुला माहीत असलेलंच तुला सांगते, कारण ते माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

रामनवमीचा आदला दिवस होता, २००१. घाटावरच्या जागेचं भाडं वसूल करणाऱ्या ठेकेदाराची माणसं टोपल्या उचलायला येणार अशी कुणकुण होती. मी ठरवून दिलं होतं, सुवर्णाने पायऱ्यांवर बसायचं, माणसं दिसली की थाळी वाजवायची, म्हणजे बायका माल उचलून देवळामागे पळतील. तुझा वर्ग त्याच दिवशी कुंदन सर घाटावर घेऊन आले होते. तुला पहिल्यांदा खरा कॅमेरा हातात मिळाला होता. तू मला सकाळी विचारलं होतंस, "ताई, आज थाळी दुसऱ्या कुणाला दे ना." मी नाही म्हटलं होतं. तुझ्या जागी बसायला माणसं होती, सुवर्णा. मी बघितलंच नाही. माझ्या लढ्यात माझीच बहीण पायरीवर नसेल तर लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माणसं आली. थाळी वाजली नाही. अकरा टोपल्या उचलल्या, आईचीही त्यातच. आणि मी तुला शोधत आले तर तू खाली पाण्याजवळ, आईला दगडावर बसवून तिचे फोटो काढत होतीस. आईने केस ओले करून विंचरले होते. ती लाजून हसत होती. आईला लाजताना मी तेव्हाच पाहिलं, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, रोल खराब झाला. रोल झाला नाही. मी केला. तुझ्या गळ्यातून कॅमेरा ओढला, पाठ उघडली आणि पट्टी सगळीच्या सगळी बाहेर काढली. उजेड लागला की रोल जातो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे मला काहीच माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. पण ती पट्टी कोरी दिसली आणि मला खरोखर वाटलं, पोरीने एकही फोटो काढलेला नाही, नुसता खेळ चाललाय. मी ती तुझ्या तोंडापुढे धरून म्हटलं, "बघ, काय आहे यात? काहीच नाही. ह्या काहीच नाहीसाठी आईची टोपली गेली."

तुला माहीत होतं त्यात काय होतं. तू पायरीवर बसून रडलीस, आणि समोरून कुंदन सरांनी तुझा फोटो काढला. न विचारता. आठ दिवसांनी मी तो छापला. न विचारता.

पंचवीस वर्षं मी समजत होते की मी एक कोरी पट्टी फेकली. काल जिन्यात बसून मोजलं. छत्तीस असतात एका रोलमध्ये. आईचे किती होते त्यातले? दहा? वीस? आपल्या घरात आईचा फोटो नाही ही तक्रार मी तुझ्या नावाने, सगळ्या बायकांच्या नावाने मांडली, आणि तो फोटो ज्या हाताने गेला त्याच हाताने ती लिहिली.

रोलबद्दल तू मला एका शब्दानेही कधी बोलली नाहीस. घोटीला तुझं जमलं, तेव्हा ते पोस्टर घोटीच्या स्टँडवर लागलेलं होतं. तुझ्या सासऱ्यांनी बाबांना विचारलं होतं, पोस्टरवरची रडकी ती हीच का? बाबा मला म्हणाले, तिथलं तेवढं तरी काढ. मी काढलं नाही. अजून तुला तिकडे पोस्टरवालीच म्हणतात, हे वैष्णवीने परवा सहज सांगितलं. आणि आईच्या दहाव्याला, तो शिक्क्याचा फोटो पाटावर ठेवून तू मला म्हणालीस, "ताई, ऑफिसातला माझा फोटो उतरव." चारचौघांत मी काय म्हणाले, ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "तो फोटो आता तुझा नाही, चळवळीचा आहे."

चौदा वर्षांपूर्वी तू उठलीस ती अजून आली नाहीस. मी लोकांना सांगायचे, घोटी लांब पडते.

ताई


नाशिक, ५ एप्रिल २०२६

चि. सुवर्णास,

काल संघटनेची बैठक झाली. झालं ते जसंच्या तसं सांगते.

सचिव आता गोटीराम आहे. लंकाबाईचा धाकटा दीर, माणूस सज्जन, काम चोख. त्याने फ्लेक्सचं डिझाईन लॅपटॉपवर उघडून ठेवलं होतं. "तीस फूट, ताई. उड्डाणपुलावरनं बी दिसंल."

मी म्हटलं, "हा फोटो नको."

"का? क्वालिटी? ते करून घेतो आपण."

मग मी सांगितलं. उभं राहून सांगितलं, मला बसून बोलता येत नाही. ही मुलगी टोपलीसाठी रडत नव्हती. ती माझ्यामुळे रडत होती. रोल, आई, सगळं. बोलताना लक्षात आलं की टाळ्यांसाठी मी जिथे थांबते, तिथे सवयीने थांबले, आणि कुणी टाळी वाजवली नाही.

सगळ्यांत आधी लंकाबाई बोलली. "मंग पंचवीस वरसं आम्ही काय बोंबलत व्हतो?"

गोटीराम म्हणाला, "हे बाहेर नका बोलू ताई. टोपल्या उचलल्या, हे खरं हाय का नाय?"

"खरं आहे."

"लढा खरा हाय का नाय?"

"आहे."

"मग ती कशानं का रडंना. लोकांनी त्या फोटोकडं बघून सह्या केल्या, मोर्चाला आले. आन आता तुम्ही म्हणता उतरवा. ताई, तो फोटो आता तिचा नाय. चळवळीचा हाय. हे तुम्हीच शिकवलं आम्हाला."

तो वाईट बोलला नाही. माझंच वाक्य त्याने जपून ठेवलं होतं आणि वेळेवर काढून दाखवलं. मी आयुष्यात कितीतरी वाद जिंकले, पण माझ्याच शिष्याकडून माझ्याच शब्दांनी हरले. उत्तर सुचलं ते चहा आल्यावर. मी म्हटलं, "गोटीराम, तुझ्या बायकोचा रडताना फोटो काढून मी द्वारकेला लावू का? लढा खराच आहे." त्याची बायको तिथेच चहा देत होती, ती म्हणाली, "मला विचारून लावा."

सगळे हसले, पण त्यानंतर बैठकीचा सूर पालटला. शेवटी ठराव असा झाला: फोटो जिचा, तिचं लेखी पत्र यावं. ती नको म्हणाली तर फ्लेक्सवरूनही जाईल आणि ऑफिसच्या भिंतीवरूनही. चालेल म्हणाली तर लागेल. २० तारखेपर्यंत पत्र आलं नाही तर पूर्वीचा निर्णय कायम, कारण २१ला छपाईला द्यायचं आहे. ती शेवटची अट मी हाणून पाडायचा प्रयत्न केला, पण मतं पडली आणि मी हरले.

तू विचारशील, अध्यक्ष तू, मग तूच का काढून टाकत नाहीस? काढू शकते. भिंतीवरचा फोटो बैठकीनंतर मी खिळ्यावरून उचललाही होता. मग परत लावला. मी तो लावला तेव्हा तुझ्या वतीने मीच ठरवलं होतं. आता मीच तो काढला, तर पुन्हा तुझ्या वतीने मीच ठरवल्यासारखं होईल, आणि शिवाय लोक म्हणतील, ताई किती मोठ्या मनाची. मला ते नको आहे. एवढं एकदा तू बोलावंस आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐकावं, त्यांत मी पहिली.

तुझं उत्तर काहीही असो, २६ला मी बोलणार आहे आणि काल बैठकीत सांगितलं तेच चौकात सांगणार आहे. ते मी तुला विचारून करत नाही, कारण त्यात कबुली माझी आहे. पण त्यात तुझं नाव घ्यायचं की नाही, हे तू सांगशील तसं.

बुद्धभूषण सरांचा बायकांचा वर्ग मे महिन्यात सुरू होतोय. तुझं नाव मी परवा त्यांच्या यादीत घालून आले होते. काल जाऊन खोडलं. तुला शिकायचं असेल तर तू त्यांना फोन करशील, नसेल तर नाही.

त्या दिवशी घाटावर तुला कारण न विचारताच मी रोल ओढून काढला. तेव्हा आता तुझ्या पत्रात मला कारण लिहू नकोस. माफीबद्दलही काही लिहू नकोस, ती मी मागितलेली नाही, कारण ती मागायची तर घोटीला येऊन, तुझ्या दारात उभं राहून मागेन, आणि तू दार उघडशील की नाही हा तुझा प्रश्न.

फक्त एवढं कर. वैष्णवीच्या वहीतलं एक पान घे. त्यावर तुझ्या अक्षरात लिही, 'माझा फोटो लावा' किंवा 'माझा फोटो लावू नका'. खाली पूर्ण नाव घाल, सही कर, आणि १५ तारखेच्या आत ते संघटनेच्या पत्त्यावर, गोटीरामच्या नावाने, पोस्टात टाक.

ताई